गाळ तरंगतो दुपारी, मासे मरतात पहाटे

प्रश्न : आमच्या शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात दुपारी क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) तपकिरी गाळाचे गोळे तरंगतात. त्यांच्यामधलं पाणी मात्र स्वच्छ असतं. ‘गाळ फुगलाय, क्लोरीन मारा’ असा सल्ला मिळाला आहे. मारावा का?

उत्तर : थांबा. गाळ फुगलाय, म्हणजे सैल होऊन नीट बसेनासा झालाय, की बसून पुन्हा वर येतोय, हे आधी ठरवा. एरेशन टाकीच्या (जिथे हवा सोडून जिवाणूंकडून मैला कुजवतात तिच्या) शेवटच्या टोकाचं एक लिटर मिश्रण मोजनळीत घेऊन सावलीत, न हलवता ठेवा. ३० मिनिटांनी गाळ किती मिलिलिटरवर बसला ते लिहा, त्याला १,००० ने गुणा आणि एमएलएसएसने, म्हणजे लिटरभर मिश्रणात किती मिलिग्रॅम घन गाळ आहे त्या आकड्याने, भागा. ३०० मिलिलिटर आणि ३,००० मिलिग्रॅम असेल तर उत्तर १००, म्हणजे गाळ छान बसतोय. १५० च्या वर गेलं तरच फुगल्याचा संशय घ्या.

मोजनळी लगेच ओतून देऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात. आणखी दीड-दोन तास तशीच राहू द्या. थरात भेगा पडल्या, त्यांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले आणि अख्खा थर बुचासारखा वर आला, तर गाळ फुगलेला नाही. काचेच्या दांडीने ढवळलं की बुडबुडे सुटून तो पुन्हा खाली बसतो. होतं असं, की एरेशनमध्ये अमोनियाचं नायट्रेट बनतं. क्लॅरिफायरच्या तळाशी ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि सुटलेला नायट्रोजन वायू गाळाला उचलतो. पाणी तापलं की हे वेगाने होतं. क्लोरीनने इथे काहीच साधणार नाही. उलट नायट्रेट बनवणारे, मुळातच सावकाश वाढणारे जिवाणू मरतील.

तळाशी गाळ रेंगाळू देऊ नका. क्लॅरिफायरमधून एरेशन टाकीत परत जाणाऱ्या, म्हणजे परतीच्या गाळाचा पंप वाढवा, पण थोडा थोडा. एकदम दुप्पट केलात तर क्लॅरिफायरमध्ये खळबळ होऊन बसलेला गाळही बाहेर जाईल. तळाचा थर अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवा आणि पारदर्शक नळी बुडवून रोज मोजा. गोळे एकाच बाजूला येत असतील तर आधी तळाचा गाळ खरवडणारा स्क्रेपर तपासा; झिजलेल्या रबरी पट्टीखाली गाळ चिकटून कुजत असतो. नायट्रेट बनूच नये म्हणून हवा सोडणारे ब्लोअर मात्र बंद ठेवू नका. विरघळलेला ऑक्सिजन बराच काळ १ मिलिग्रॅमच्या खाली राहिला की तंतुमय जिवाणू माजतात, आणि मग गाळ खरोखरच फुगतो.

प्रश्न : अहवालात बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आहे. तरी पाणी सोडतो त्याच्या खाली नदी हिरवी होते आणि पहाटे मासे मेलेले दिसतात. अहवाल खोटा आहे का?

उत्तर : खोटा असेलच असं नाही, पण अपुरा नक्की आहे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरला २० मिलिग्रॅम सोडला तर ९० मिलिग्रॅमची मागणी झाली, आणि २५ अंशांना नदीच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम! पाच दिवसांच्या बीओडी तपासणीत हा भार अनेकदा उतरतच नाही.

हिरवेपणा फॉस्फरसवर पोसलेल्या शेवाळाचा. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री ओढून घेतं, म्हणून सूर्योदयाच्या थोडं आधी तो सर्वांत कमी असतो. सकाळी अकराच्या नमुन्यात हे कसं दिसणार? शिवाय भर उन्हात शेवाळामुळे पीएच चढतो आणि अमोनिया माशांना जास्त विषारी होतो. अहवालात अमोनिया आणि फॉस्फरस मागून घ्या. पहाटे, केंद्राचं पाणी नदीत सोडतात त्या जागेच्या वर, आणि खाली पाणी पुरतं मिसळल्यावर, मीटरने जागेवरच ऑक्सिजन मोजा.

प्रश्न : जोराचा पाऊस झाला की एरेशन टाकीत गाळच उरत नाही. काय करावं?

उत्तर : पावसाचं पाणी मैलावाहिनीत शिरतंय आणि त्या लोंढ्यात गाळ वाहून जातोय. टाकीत तशी सोय असेल तर त्या वेळी येणारं पाणी टाकीच्या सुरुवातीच्या भागात न सोडता शेवटच्या भागात सोडा. परतीचा गाळ पुढच्या भागात सुरक्षित साठतो. छतांचे चोरटे जोड वाहिनीत धूर सोडून सापडतात. फुटलेल्या वाहिन्यांसाठी पावसाळी दिवसांत, पण पाऊस नसलेल्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान चेंबरं उघडा. त्या वेळी घरांतून सांडपाणी फारसं येत नसतं; तरी वाहिनीत स्वच्छ पाणी खळखळत असेल, तर तो भाग आधी दुरुस्तीला घ्या.