घरच्या घरी, घरच्यांच्या मदतीनं जुनी मसल कार रिस्टोअर करता येते का? खर्च आणि वेळ किती लागतो?

येते की. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "आधी कलर मारून घेतो म्हणजे घरच्यांना पण हुरूप येईल, मेकॅनिकल काम मागनं बघू", ते वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलोय. हे करू नका. ह्याच वाक्यावरनं आमच्या घरात जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही.

मसल कार म्हणताय म्हणजे मी कॉन्टेसा धरून चालतो, कारण आपल्याकडं कुणाच्या शेडमध्ये दुसरी कुठली असणार. तशी खरी मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ, ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन आणि ३२५ हॉर्सपॉवर. कॉन्टेसाचा नुसता तोंडवळा तसा आहे, आणि तो पण अमेरिकेचा नाही, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची जुनी गाडी, तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सनं आणले आणि १९८४ पासून ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला काढली. पहिल्या गाड्यांत ॲम्बेसिडरचंच १४८९ सीसी इंजिन होतं, पन्नासेक हॉर्सपॉवर. अंग पैलवानाचं आणि दम काडीपैलवानाचा. नंतर इसुझूचं १.८ आलं, ८८ हॉर्सपॉवर, पाच गिअर, ती मात्र पळायची. आमची ती.

आमचे आप्पा चादरीचे कारखानदार. लई मोठे नव्हे, सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं घर, घरामागं शेड आणि शेडमध्ये जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे माग. धंदा बरा चालला होता तेव्हा ही गाडी सेकंडहँड घेतली. मग सुताचे भाव वाढत गेले, माग विकले, शेड रिकामी झाली आणि गाडी तिथं जाऊन बसली, अंगावर आमच्याच रिजेक्ट मालाच्या चादरी. (हे पण करू नका, सुती चादर पावसाळ्यात ओल धरून बसते आणि ती ओल टपावर राहते. उघडी ठेवलेली परवडली.)

आता दाजी. थोरल्या ताईचे मिस्टर. एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायजर आहेत, म्हणजे जॉबकार्डावर गिऱ्हाइकाची सही घेतात, पाना हातात धरलेला मी तरी बघितलेला नाही. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि ह्यांनी आप्पांना सांगितलं की वरात कॉन्टेसातनंच काढायची, आपण रिस्टोअर करू. मी म्हणालो दाजी ब्रेक लागत नाहीत, ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर गळतोय, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, मॅट उचलला की जमीन दिसते. तर म्हणाले, "तू लहान आहेस बे, रंग मारला की गाडी अर्धी झाली, बाकीचं मागनं करता येतंय." मी आप्पांकडं बघितलं, आप्पा पंख्याकडं बघत होते. जावयाला नाही कोण म्हणणार?

मग एक पेंटर धरला, त्यानं गंजावरनं पॉलिश पेपर फिरवल्यासारखं केलं, भोकात फायबरची जाळी आणि पुट्टी कोंबली, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि वर चकाचक मरून कलर. फोटो झकास आले, खोटं कशाला बोलू. वरातीत गाडी नव्या पेठेतनं निघाली आणि गरम होऊन बंद पडली, चार पोरं मागनं ढकलत होती आणि पुढं बँड, लोकांना वाटलं वरातच सावकाश चाललीय.

पुढच्या पावसाळ्यात दारांच्या खाली आणि मागच्या चाकांच्या कमानीवर फोड यायला लागले. दाजी म्हणाले उन्हानं आलेत. सोलापूरचं ऊन मलाही माहितीय, ४२-४३ ला टेकतं, पण उन्हानं रंग उडतो, खालच्या अंगाला फोड येत नाहीत. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, पातळ फडक्यात गुंडाळलं आणि आप्पांना शेडमध्ये बोलावलं. बॉनेटला लावलं, टक्कन चिकटलं. टपाला चिकटलं. चाकाच्या कमानीवर आणलं तर निसटून खाली फरशीवर. आप्पांनी ते स्वतः उचलून परत लावून बघितलं, परत पडलं. मग नखानं एक फोड उचकटला, आत तपकिरी भुगा, बोट आत गेलं ते दुसऱ्या बाजूनं बाहेर. आयुष्यभर चादरीचा एक धागा चुकला तर लांबनं ओळखणारा माणूस तो. बोट पुसलं आणि म्हणाले, "काढ सगळं."

तर हे लोहचुंबकाचं तुम्ही आजच करा, गाडी अजून घ्यायची असेल तर पैसे द्यायच्या आधी करा. जिथं चिकटत नाही तिथं जाड पुट्टी आहे, खाली पत्रा उरला असेलच असं नाही. आणि दार का सडतं ते पण बघून घ्या: काचेच्या बीडिंगमधनं, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीतनं, पाणी दाराच्या आत उतरतं, ते बाहेर पडायला दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजतात, मग पाणी आत साचून दार आतनं खातं. बाहेरनं कितीही भारी रंग मारा, आत चालूच. आमची भोकं त्या पेंटरनं पुट्टीनंच बुजवलेली होती, आता बोला.

दुसऱ्यांदा मी सांगेल तसं झालं. सीट, काचा, वायरिंग सगळं बाहेर, रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला, सडका भाग चांगला पांढरा पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि २० गेज जाडीच्या पत्र्याचे तुकडे बसवून घेतले. वेल्डिंग स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, आम्ही डेंटरला, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याला, घरी बोलावला. तो गॅसचा सेट घेऊन आला होता, त्याला परत पाठवून मिगचं, म्हणजे विजेवर चालणारं तारेच्या वेल्डिंगचं, मशीन आणायला लावलं, कारण गॅसनं पातळ पत्रा तापून वाकतो आणि मग ते वाकणं झाकायला परत पुट्टीच लागते.

आता घरच्यांच्या मदतीचं. घरचे म्हणजे फुकटातले हेल्पर नव्हेत. पाना दे, टॉर्च धर, असं करायला लागलात तर आठवड्यात सगळे पळतील. घरात कोण कशात तरबेज आहे ते बघा आणि तेवढं काम पूर्ण त्यांच्यावर सोडा, मध्ये तोंड घालू नका.

धाकटी बहीण पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलला होती. उंदरांनी डॅशबोर्डमागचं वायरिंग शेवयांसारखं करून ठेवलं होतं. दाजींचं म्हणणं एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो डायरेक्ट करून देईल. डायरेक्ट म्हणजे फ्यूज बायपास करून, आणि जुन्या गाड्या पेटतात त्या अशानंच. हिनं आप्पांच्या कपाटातनं जॅकार्डच्या नक्षीचा ग्राफ पेपर काढला, तो मोठा असतो, त्याच्यावर एकेक वायर कुठनं निघते, कुठं जाते, रंग कुठला, फ्यूज कुठला ते मांडलं. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि नक्षी वाचल्यासारखा तो कागद वाचायचे, एकदा म्हणाले ही हिरवी इथं तुटलीय बघ, खरंच इंडिकेटरचं एक कनेक्शन राहिलं होतं. तो कागद आजही ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

सीट आत्यानं केल्या. सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा किती मोठा आहे ते सांगायला नको, आत्याची बारकी का होईना स्वतःची युनिट आहे, मोठ्या मशीन आहेत. दाजी तयार कव्हर चढवा म्हणत होते. आत्यानं जुन्या सीटची शिवण ब्लेडनं उसवली, प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर घातला, ब्राऊन पेपरवर उतरवून घेतला आणि मग रेक्झिन कापलं. मधल्या पट्ट्या, कडेची पायपिंग, सगळं मूळसारखं. मी विचारलं जमेल का, तर म्हणाली, "पाचवीतल्या पोराची चड्डी वर्षभर टिकवते मी, ही तर बसायची गादीच आहे."

आईचा सहभाग विरोधी पक्षाचा. प्रायमरवर वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) मारायचा म्हणजे सतत पाणी ओतत घासायचं, आणि सोलापूरला उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला काय फरक पडत नाही. आईनं शेडकडं जाणारा पाइपच काढून ठेवला, धुण्याचं उरलेलं पाणी वापर म्हणाली. साबणाचं पाणी पेपर घासायला उलट चांगलं असतं, कागद चोंदत नाही. फक्त शेवटचं धुणं साध्या स्वच्छ पाण्यानं करा, साबण राहिला तर वरचा रंग धरत नाही. आणि बोअरचं पाणी पत्र्यावर वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

म्हणजे क्रम असा: आधी ब्रेक, मग पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. इंजिन बसवताना, काढताना ओरखडे पडतातच, आधी रंग मारलात तर परत मारायचाय. दाजी अजून फॅमिली ग्रुपवर कॉन्टेसाचा फोटो टाकून "आपण रिस्टोअर केलेली" असं लिहितात आणि फोटो वरातीतला असतो, फोडांच्या आधीचा. तेवढ्यासाठी हे लिहितोय असं नाही, पण तेवढ्यासाठी पण लिहितोय.

खर्च विचारलात. मी नक्की आकडा सांगणार नाही, कारण तो गाडीत किती पत्रा उरलाय त्यावर आहे. गाडी जेवढ्याला मिळाली त्याच्या दुप्पट-तिप्पट तयारी ठेवा, आणि विकून पैसे निघतील ही आशा आजच सोडा. वेळ घरी केलं तर वर्षांत मोजायचा, महिन्यांत नाही. १.५ चं इंजिन असेल तर नशीबवान आहात, ॲम्बेसिडरचे पार्ट चालतात. १.८ च्या पार्टला वणवण आहे. इथं न्याय म्हणून सांगतो, आमच्या मागच्या लाइटची काच दाजींनी मिळवली, कोलकात्याच्या मल्लिक बाजारातनं, त्यांच्या ओळखीनं. ते एक काम चोख केलं.

राहिलेलं पटापट. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्यात खराब होतात, सगळे बदलूनच गाडी चालू करा. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग अजिबात नको, रिकामी टाकी जास्त धोक्याची, आत वाफ असते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तो भुगा कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हार्डनरवाला टू-के पेंट घरी मारायचा विचार असेल तर साध्या मास्कवर भागत नाही, त्याची वाफ फुप्फुसाला वाईट आहे. आम्ही शेवटचा रंग पेंटिंगचा बंद बूथ असलेल्या माणसाकडं मारून घेतला, म्हणजे शंभर टक्के घरी केली असं मी म्हणू शकत नाही.

आणि ह्या सगळ्याच्या आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला असेल तर त्याचा दंड वेगळा. कुणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका, तर २०२१ च्या नियमाप्रमाणं गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे पहिल्या कॉन्टेसाला सुद्धा २०३४ उजाडणार, आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. इंजिन बदलून डिझेल टाकायचं असेल तर आरटीओच्या परवानगीशिवाय नाही. हे दाजींना पण सांगितलंय, ते म्हणतात होऊन जातंय.

तुमची गाडी कुठल्या पासिंगची आणि इंजिन कुठलं ते लिहा. बाहेरच्या जिल्ह्यातली आणि तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हरवलेली असेल तर पाना उचलायच्या आधी ते उरका.