नकली दागिन्यांची ॲलर्जी आणि कमजोर हृदय

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेल्या कानातल्यांनी आईच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, म्हणून धातूनेच तिच्या हृदयाचे स्नायू कमजोर झाले का, असे आपण विचारले आहे. दागिन्यांतील निकेल बहुधा त्वचेपुरतेच बाधते. हृदयाला थेट अपाय करणारा एक धातू म्हणजे कोबाल्ट: कॅनडातील क्वेबेक शहरात १९६५-६६ साली, फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये मिसळलेल्या कोबाल्टमुळे अतिमद्यपी मंडळींना हाच आजार जडला होता, आणि त्यांची उपासमार त्याला पोषक ठरली असावी. आईच्या खुब्यात धातूवर धातू घासणारा कृत्रिम सांधा असेल, तर रक्तातील कोबाल्ट तपासावे. आईला पुढे पेसमेकर बसवायची वेळ आली, तर त्याचे कवच सहसा निकेलचे नसून टायटॅनियमचे असते. तरीही, तो बसवण्यापूर्वी ही ॲलर्जी हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी, म्हणजे गरज भासल्यास ते त्वचेची पॅच टेस्ट (धातूचा अंश त्वचेवर लावून ॲलर्जी तपासणे) करवून घेतील.