नुकसान होण्याआधी विचारणारा कायदा

प्रश्न : प्रदूषणामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते, सार्वजनिक उपद्रव हा फौजदारी गुन्हाही आहे. असे असताना पर्यावरणासाठी वेगळे कायदे कशासाठी हवेत? लोकजागृतीने हेच साध्य होणार नाही का?

उत्तर : आपण सांगितलेले दोन्ही मार्ग आवश्यकच आहेत. परंतु भरपाईच्या दाव्यात नुकसान आधी झालेले असावे लागते, आणि ते कोणाच्या कृत्याने झाले हे सोसणाऱ्याला सिद्ध करावे लागते. प्रदूषणाच्या बाबतीत अडते ते नेमके येथे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके साचून राहिले आणि त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. घरोघरच्या शेगड्यांत, कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशाचा तो धूर होता. मृताच्या नातेवाइकांनी दावा लावायचा तर कोणत्या धुराड्यावर? एकेका धुराड्याचा दोष नगण्य होता, सर्वांचा मिळून प्राणघातक. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने या प्रश्नाला वळसा घातला : धूर-नियंत्रण क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि अशा क्षेत्रात धुराड्यातून धूर सोडणे हाच अपराध ठरला, मग त्याने कोणी आजारी पडो वा न पडो.

प्रदूषण करणारा एकच आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर असला, तरी काय घडते हे जपानमधील मिनामाता येथे दिसले. तेथील रासायनिक कारखान्यातून पारायुक्त सांडपाणी खाडीत जात होते. ते विष माशांत साठले आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेत पोहोचले. आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली, सेंद्रिय पारा हे कारण असल्याचे संशोधकांनी १९५९ मध्ये सांगितले, आणि तरीही सांडपाण्यातून पारा जाणे १९६८ पर्यंत चालू राहिले. रुग्णांच्या बाजूने न्यायालयाचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. त्या निकालाचे मोल मी कमी लेखत नाही. पण मातेच्या उदरातच बाधित होऊन जन्मलेल्या मुलांना कोणती रक्कम पुरी पडणार होती?

भारतात १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाने उद्योगांवर अशी अट घातली की, सांडपाणी सोडण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे. ही अट मला त्या कायद्यातील शिक्षेच्या कलमांहूनही महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे पहिला प्रश्न नदीकाठच्या माणसाऐवजी कारखानदाराला विचारला जातो : तुम्ही काय सोडणार, किती सोडणार आणि त्यावर प्रक्रिया कशी करणार?

लोकजागृतीचे म्हणाल, तर तिच्यावाचून असे कायदे सहसा होतही नाहीत. मात्र जागृत नागरिकालाही निवडीची संधी हवी. शिसे हे विष आहे हे कळल्यावरही, पंपावर केवळ शिसेयुक्त पेट्रोलच मिळत असेल तर वाहनचालक काय करणार? देशोदेशींच्या शासनांनी नियम केले, तेव्हा ते बाजारातून हटले. मोटारींसाठी त्याची विक्री थांबवणारा अल्जीरिया हा अखेरचा देश ठरला, आणि तेही २०२१ मध्ये.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पाण्याच्या गुणवत्तेविषयीचा कायदा जपानमध्ये १९५८ मध्येच झाला होता. तो मिनामाताच्या पाण्याला वेळीच लागू केला गेला नाही. या निष्क्रियतेबद्दल केंद्र शासन आणि तेथील प्रांतिक शासन दोघेही उत्तरदायी आहेत, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोपर्यंत २००४ साल उजाडले होते आणि अनेक रुग्ण हयात नव्हते.