लातूरला बी.एस्सी. झालंय. पुण्यात महागडा क्लास न लावता आयटीत सुरुवात कशी करू?

घरी बसूनही पाया पक्का होतो. क्लासचे पैसे लॅपटॉपला लावा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सेकंडहँडही चालतो. जुन्या हार्ड डिस्कवाला मात्र घेऊ नका, प्रोग्रॅम उघडेपर्यंतच जीव जातो.

सुरुवात एसक्यूएलपासून करा, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. टेस्टिंग, सपोर्ट, डेटा, बॅकएंड, कुठेही गेलात तरी ते कामाला येतं. सरावाला एसक्यूलाइट हा डेटाबेस प्रोग्रॅम फुकट आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो आणि नेट गेलं तरी सराव थांबत नाही. गावातल्या कृषी सेवा केंद्राचा हिशोब मांडा: एक टेबल गिऱ्हाइकांचं, एक बिलांचं. आता जूनची यादी काढा, पण ज्यांनी पेरणीला काहीच नेलं नाही तेही त्यात दिसले पाहिजेत. इथं बरेच जण लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलची प्रत्येक ओळ ठेवून दुसरं टेबल जोडणं) बरोबर लिहितात आणि तारखेची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडल्यानंतर ओळी गाळणाऱ्या भागात, टाकतात. ज्याचं बिल नाही त्याच्या ओळीत तारीख नल, म्हणजे रिकामी, असते. नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही, म्हणून नेमकी तीच ओळ गळते. अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं जोडायच्या अटीतच, लिहा. हे कारणासकट सांगता आलं की मुलाखतीत वजन पडतं.

मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. पासवर्ड असलेली फाइल गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट) चढवू नका. नंतर डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या नोंदीत, राहते. चढलीच तर आधी पासवर्ड बदला.

आणि कळकळीने सांगतो, नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.