कोंबडी मेली म्हणून एवढं रडायचं असतं का?

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडं वेगवेगळ्या रूपात येत असतो आणि विचारणारा माणूस आधी माफीच मागतो, "हसू नका मॅडम, पण..." अशी सुरुवात. कुणाचं कुत्रं गेलेलं असतं, कुणाची म्हैस, आणि घरातले म्हणायला लागलेले असतात की आता बास झालं. कुत्र्यामांजराचं लोक थोडं तरी समजून घेतात हो, पण कोंबडीसाठी रडणाऱ्या बाईला आपल्या भागात कोण समजून घेणार, रविवारी सकाळी चिकन सेंटरसमोर रांग असते आपल्याकडं. तर अशाच एका ताईंबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललंय.

ताई सांगलीजवळच्या एका गावातल्या, मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. 2019 चं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवत असेल तुम्हाला, पक्षी आणि अंडी चांगल्या भावानं परत घेणार म्हणून लोकांनी पैसे भरले, मग घेणं बंद झालं, खाद्य यायचं थांबलं, हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्यात ऑगस्टमध्ये महापूर. ताईंच्या दिरांनीपण युनिट घेतलेलं. शेडमधले पक्षी उपाशी मरायला लागले तेव्हा उरलेल्या पंधरावीस कोंबड्या ताईंनी आपल्या परड्यात आणल्या आणि एवढंच ठरवलं की ह्या कापायच्या नाहीत. मग 2020 च्या मार्चमध्ये चिकन खाल्लं की कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव इतके पडले की काही पोल्ट्रीवाले पक्षी फुकट वाटायला लागले, त्यातल्या काही आल्या. नंतर कुणी टेम्पोतून पडलेली बॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, आणून द्यायचं, कुणी अंडी कमी झाली म्हणून काढून टाकलेल्या लेयर. ह्या बाई घेतात हे पंचक्रोशीत माहीत झालं आणि आकडा साठच्या पुढं गेला.

त्या माझ्याकडं आल्या ते एका बॉयलर कोंबडीमुळं. पांढरी, जड, दहा पावलं चालली की बसायची आणि ताई दिसल्या की त्यांच्या पायावर येऊन टेकायची. वर्षभराच्या वर जगली. संध्याकाळी दाणे खाल्ले आणि सकाळी मेलेली. ताईंनी मोबाईलवर वाचलं की बॉयलरला खाद्य मोजून द्यायचं असतं, ह्या तर मागेल तेवढं देत होत्या, उपाशी पक्षी बघितलेले असल्यामुळं हात आखडता घेणं त्यांना जमतच नव्हतं. "मीच खाऊ घालून मारली मॅडम. आता रात्री दोनतीनदा टॉर्च घेऊन खुराड्यात जातो, सगळ्यांचा श्वास चाललाय का बघतो, मग जरा डोळा लागतो. सासूबाई म्हणत्यात, कोंबडीचं सुतक धरलंस काय."

आधी मी फक्त त्या कोंबडीबद्दल विचारलं. कशी होती, काय आवडायचं, कुठं बसायची. ताई बराच वेळ बोलत राहिल्या, कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल मांडलं होतं, जे दुःख समाज दुःख म्हणून धरतच नाही ते. माणूस गेला की दहावं असतं, तेरावं असतं, शेजारीण पिठलंभाकरी घेऊन येते, चार लोक बसून गेलेल्याच्या आठवणी काढतात. कोंबडी गेली की परड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणायचा आणि लगेच सगळ्यांचा चहा ठेवायचा. आतलं दुःख तेवढंच असतं पण ते ठेवायला जागा नसते, म्हणून ते लांबत जातं. तर प्रश्नाचं उत्तर सरळच सांगते, हो, एवढं रडू येऊ शकतं, जिला रोज हातानं भरवलं ती गेल्यावर रडू येणं ह्यात वेड लागण्यासारखं काही नाही.

पण अपराधीपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. "तुझी काही चूक नाही" हे मिस्टर रोज सांगत होते, त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. होणारपण नव्हता, कारण ताईंचा प्रश्न खरा होता, खाद्यामुळं मेली का? ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि मिस्टरांकडंही नव्हतं. माझं ठाम मत आहे की समुपदेशकानं अशा ठिकाणी गोड बोलून वेळ मारून नेऊ नये. मी ताईंना म्हणलं, जनावरांच्या डॉक्टरांकडं जा, हाच प्रश्न अगदी ह्याच शब्दात विचारा आणि काय सांगतील ते लिहून आणा.

डॉक्टरांनी चांगलं समजावलं. बॉयलरची जातच अशी तयार केलीय की सहा आठवड्यात दोन किलोच्या वर वजन व्हावं. मांस भराभर वाढतं, हृदय आणि पाय तेवढे तयार होत नाहीत, त्यामुळं पाय वाकतात, पोटात पाणी होतं, कधी हृदय एकदम बंद पडतं. खाद्य मोजून दिलं तर आयुष्य वाढतं हे खरं, पण मोजून देऊनसुद्धा अशा कोंबड्या अचानक जातात. आणि आजार लपवणं हा कोंबडीचा स्वभावच आहे, कळपात आजारी दिसली तर बाकीच्या टोचतात, शिकारी जनावर हेरतं, म्हणून अगदी शेवटपर्यंत ती धडधाकट दिसते. संध्याकाळी दाणे खाणारी सकाळी मेलेली सापडणं त्यामुळंच.

मग आम्ही कागदावर दोन रकाने केले. एकात त्या दिवशी ताईंना काय माहीत होतं, दुसऱ्यात नंतर काय कळलं. खाद्य मोजून द्यायचं हे दुसऱ्या रकान्यात गेलं. निकाल कळल्यावर आधीचं सगळं स्पष्ट दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं की हे तेव्हाही दिसत होतं, हा मनाचा जुना खेळ आहे. त्यातून एक काम मात्र निघालं, बाकीच्या बॉयलरना त्या दिवसापासून मोजून खाद्य, आठवड्याला वजन. अपराधीपणातून करण्यासारखं काही निघत असेल तर ते करायचं, उरलेला तसाच स्वतःला टोचत बसू द्यायचा नाही.

ताईंकडं एक वही होती, कोण कधी आली, कोण कधी गेली, तारखा सगळ्या. वही चाळताना त्यांचंच बोट एका ठिकाणी थांबलं. एक गेली की आठवड्याच्या आत दोनतीन नवीन आलेल्या, दरवेळी. म्हणजे प्रत्येक मरणाची भरपाई चालली होती. आणि जागा तेवढीच! तूस ओलं राहायचं, अमोनियाचा वास डोळ्याला झोंबायचा, नवीन आलेली थेट सगळ्यांत सोडली जायची आणि दहाबारा दिवसात शिंका, घरघर सुरू. नवीन पक्षी तीनचार आठवडे तरी वेगळे ठेवायचे असतात आणि मानमोडीची लस वेळेवर लागते, हे डॉक्टरांनी आधीपण सांगितलेलं, पण वेगळं ठेवायला कोपरासुद्धा शिल्लक नव्हता. अपराधी वाटलं की नवीन आणायची, त्यानं गर्दी व्हायची, गर्दीनं आजार, परत मरण, परत अपराधी.

इथं मर्यादा ठरवायचा विषय आला आणि ताई पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "मी नाही म्हणलं की ती कापली जाणार, तुम्हाला कळतंय का?" कळत होतं. खरंच कापली जाणार होती, मी ते नाकारलं नाही. 2019 च्या पशुगणनेत आपल्या देशात कोंबड्या, बदकं वगैरे मिळून 85 कोटींच्या वर पक्षी मोजले गेले, आणि ताईंचं परडं दोन गुंठ्यांचं. ज्या आधीच परड्यात आहेत त्यांना आपण शब्द दिलाय, आणखी एक घेतली की तो शब्द मोडतो, एवढंच मी म्हणलं आणि गप्प बसले. त्या पण गप्प. पुढच्या वेळी आकडा त्यांनी स्वतःच आणला, चाळीस, आणि तोपर्यंत नवीन बंद. नाही म्हणण्याचं दुःख त्यानं जात नाही बरं का. ते राहतं, पण ते झेलता येतं.

टॉर्चचं काय केलं तेही सांगते, कारण रात्री उठून उठून बघणं हे खूप जणांचं होतं, आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचंसुद्धा. रात्री नुसता श्वास चाललाय का एवढं बघून मरण टळत नाही, उलट झोपलेल्या पक्ष्यांवर उजेड पडला की घाबरतात. म्हणून तपासणी दिवसा आणली. सकाळी सोडताना तुऱ्याचा रंग, निळसर पडलाय का, चाल, विष्ठा, गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रीतून रिकामी झालीय का. कोण पिसं फुगवून एकटी उभी आहे. संध्याकाळी जाळी आणि कडी एकदा, रात्रीच्या शिकारी जनावरांची भीती खरी आहे, आणि मग कुलूप लावून किल्ली सासूबाईंच्या उशाशी. पहिले काही दिवस त्या अंथरुणात जाग्याच राहायच्या, हळूहळू कमी झालं.

सासूबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. सुतकाचं बोलणाऱ्या त्याच. पण जन्मभर गावरान सांभाळलेली बाई, खुडूक कोंबडी कशी ओळखायची, डालग्याखाली किती दिवस ठेवायची, सगळं तोंडपाठ. त्यांचा राग कोंबड्यांवर नव्हताच, सून जेवत नाही, रात्री अंगणात फिरते ह्याची भीती होती आणि ती टोमण्यातून बाहेर पडत होती. मुलाचं एक होतं, आठवीतला पोरगा बाहेर गाड्यावर चिकन खाऊन यायचा, ताईंना वास यायचा आणि घरात महाभारत. घरात शिजणार नाही हा ताईंचा नियम सगळ्यांनी मान्य केला, बाहेरचं त्या विचारणार नाहीत असं ठरलं. ताईंना ते अजून जड जातं.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी. दुःखात माणूस मधेमधे हसतो, जेवतो, परत रडतो. पण दोन आठवड्यांच्या वर झोप आणि जेवण गेलेलंच असेल, कशातच मन लागत नसेल, जगून काय उपयोग असं यायला लागलं असेल, तर कोंबडीचंच दुःख आहे म्हणून लाजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास.

मध्यंतरी ताईंना रस्त्यात पडलेल्या दोन बॉयलरचा फोन आला. तेव्हा त्यांच्याकडं अजून सत्तेचाळीस होत्या. त्यांनी फोन करणाऱ्याला सांगितलं, खोक्यात ठेव, सावलीत ठेव, पाणी दे, लगेच पोटभर खायला घालू नको, पाय मोडलाय का ते सरकारी दवाखान्यात दाखव, आणि ठेवून घेणार असलास तर खाद्य किती द्यायचं ते मी सांगतो. स्वतः घेतल्या नाहीत. फोन करणाऱ्या पोरानं एक ठेवून घेतलीय, दुसरी त्याच रात्री गेली. ताई दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून तिच्यासाठी रडल्या, आणि वहीत त्या आठवड्यात नवीन नोंद नव्हती.