एस्टा नाकारला गेल्यावर दुसरा अर्ज करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिकेच्या एस्टा अर्जावर, म्हणजे व्हिशाशिवाय जाणाऱ्यांनी आधी ऑनलाइन घ्यायच्या प्रवास-परवानगीच्या अर्जावर, ‘प्रवासास परवानगी नाही’ एवढेच उत्तर आले, कारण कळवले गेले नाही, विमान एकोणीस दिवसांवर आहे, आणि अटकेसंबंधीच्या प्रश्नाला तुम्ही ‘होय’ असे उत्तर दिले होते; तर तेथे ‘नाही’ लिहून नवा अर्ज करावा का? गेली चौदा वर्षे मी प्रवाशांच्या व्हिशाची आणि परवानग्यांची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम करतो. पहिला नकार बहुधा निस्तरता येतो. त्याच रात्री घाबरून भरलेला दुसरा अर्ज मात्र पुष्कळदा निस्तरता येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आज काहीही पाठवू नका, एवढी विनंती आधी करतो.

नकाराचा नेमका अर्थ समजला की मनावरचा ताण थोडा कमी होईल. ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ आहे, त्यांची विमानात बसण्यापूर्वी संगणकावर छाननी व्हावी यासाठी ही व्यवस्था निर्माण झाली. अमेरिकेने ती १२ जानेवारी २००९ पासून सक्तीची केली; पुढे कॅनडाने २०१६ मध्ये, न्यूझीलंडने २०१९ मध्ये, दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये आणि ब्रिटनने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तशीच पद्धत आणली. अशी परवानगी नाकारली जाणे म्हणजे त्या देशाचे दार कायमचे बंद होणे नव्हे. व्हिसामाफीची सवलत तुम्हाला लागू होत नाही, इतकेच त्यातून ठरते. संगणकाला तुमच्या उत्तरामागची हकिगत विचारता येत नाही, पण व्हिशाच्या अर्जात ती एका अधिकाऱ्यासमोर कागदपत्रांसह मांडता येते.

आता तुमच्या ‘होय’कडे वळू. एस्टा अर्जातील तो प्रश्न ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का’ एवढाच नाही. ज्या गुन्ह्यामुळे मालमत्तेचे गंभीर नुकसान झाले, किंवा दुसऱ्या व्यक्तीला वा शासकीय यंत्रणेला गंभीर इजा पोहोचली, अशा गुन्ह्यासाठी अटक झाली आहे का किंवा दोष सिद्ध झाला आहे का, असे तेथे विचारलेले असते. अमली पदार्थांसंबंधीच्या कायद्याचे उल्लंघन केले आहे का, हा प्रश्न त्यापासून वेगळा आहे. प्रामाणिक माणसे वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतात, वीस वर्षांपूर्वीचा एखादा किरकोळ प्रसंग आठवतात आणि ‘होय’ लिहून मोकळी होतात. असे अर्ज माझ्याकडे इतक्या वेळा आले आहेत की, नकार मिळालेल्या माणसाला मी आता आधी तो प्रश्न मोठ्याने वाचायला सांगतो.

तुम्हीही तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचा आणि तुमच्या प्रसंगात खरोखर काय घडले होते, ते कागदावर लिहून काढा. कोणालाही इजा झाली नव्हती, मालमत्तेचे गंभीर नुकसान झाले नव्हते आणि आरोपही ठेवला गेला नव्हता, असे असेल तर त्या शब्दरचनेला तुमचे खरे उत्तर ‘नाही’ हेच ठरण्याची शक्यता आहे. तसे असल्यास ही चूक दुरुस्त करण्याची आहे, लपवण्याची नाही. अर्ज सादर झाल्यावर पत्ता, ईमेल, दूरध्वनी यांसारखे तपशील बदलता येतात, पण पात्रतेच्या प्रश्नांची उत्तरे बदलता येत नाहीत. त्यामुळे एस्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरच सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाच्या माहिती केंद्राकडे जाण्याचा जो दुवा दिलेला आहे, तेथे आपला अर्ज क्रमांक देऊन कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकले, का चुकले आणि बरोबर उत्तर काय आहे, हे स्पष्ट लिहावे. पहिल्या अर्जाची प्रत, नकाराच्या पानाचे छायाचित्र आणि हा पत्रव्यवहार एकत्र जपून ठेवावा.

मात्र प्रश्नाच्या शब्दांप्रमाणे खरे उत्तर ‘होय’ हेच असेल, तर ‘नाही’ लिहिण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. एका गृहस्थांनी नकार मिळाल्यानंतर दोन दिवसांनी नेमके तेच केले आणि मग माझ्याकडे आले. दुसरा अर्जही नाकारला गेला. पुढे व्हिशाच्या मुलाखतीत मूळ प्रसंगाबद्दल त्यांना जेमतेम दोन प्रश्न विचारले गेले. उरलेली सगळी मुलाखत दोन अर्जांत दोन उत्तरे का, याच विषयावर झाली. परिस्थिती बदलली नसेल तर नवा अर्जही नाकारला जाईल, हे सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभाग स्वतःच सांगतो, आणि खोटी माहिती देऊन पुन्हा अर्ज करणाऱ्याला व्हिसामाफीची सवलत कायमची बंद होते. शिवाय महत्त्वाच्या बाबतीत हेतुपुरस्सर खोटी माहिती देणे हे अमेरिकेच्या कायद्यात प्रवेशासाठी आजन्म अपात्र ठरवणारे कारण आहे. त्यातून सूट मागता येते, पण ती सहज मिळत नाही.

नकाराचे कारण ते ‘होय’च असेल, असेही लगेच गृहीत धरू नका. अमेरिका कारण सांगत नाही, त्यामुळे आपला भूतकाळ आपणच तपासावा लागतो. पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का? व्हिसामाफीवर गेला असताना मुदतीपेक्षा एक दिवस तरी अधिक राहिला होता का? १ मार्च २०११ किंवा त्यानंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन अथवा उत्तर कोरिया येथे, किंवा १२ जानेवारी २०२१ पासून क्युबामध्ये गेला होता का? २०१५ च्या कायद्यानुसार आणि त्यानंतरच्या निर्णयांनुसार, काही मोजके अपवाद सोडले तर, अशा प्रवाशांना एस्टा मिळत नाही. त्यात प्रवाशाचा दोष मानलेला नाही. त्यांनी व्हिसा घेऊन यावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणखी एक कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. एका बाईंनी पासपोर्ट हरवल्याची तक्रार दिली होती, काही दिवसांनी तो घरातच सापडला आणि त्यांनी त्याच पासपोर्टवर अर्ज केला. हरवलेल्या आणि चोरीस गेलेल्या प्रवासकागदांची नोंद इंटरपोलच्या माहितीसंचात जाते आणि तो क्रमांक जगभरच्या छाननीत दिसू लागतो, याची त्यांना कल्पना नव्हती. नवा पासपोर्ट काढल्यावर त्यांची अडचण दूर झाली. तुमच्या पासपोर्टाच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर बाकी सगळा शोध थांबवून तेच आधी तपासा.

नावसाधर्म्यामुळे किंवा चुकीच्या नोंदीमुळे आपण अडकलो आहोत असे वाटत असेल, तर अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाची प्रवाशांसाठी तक्रारनिवारण योजना आहे. तेथे ओळखीची कागदपत्रे जोडून चौकशी करता येते आणि एक निवारण क्रमांक मिळतो. परंतु तिच्यामुळे एस्टा मिळेलच अशी हमी नसते, आणि एकोणीस दिवसांत त्यातून काही हाती लागेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

तुमच्यासाठी खरा मार्ग व्हिशाचाच आहे. एस्टा का नाकारला हे दूतावासातील अधिकारी सांगू शकत नाहीत आणि तो निर्णय बदलूही शकत नाहीत, म्हणून त्यासाठी त्यांच्याकडे खेटे घालण्यात वेळ दवडू नका. पर्यटन व व्यवसायासाठीच्या बी-१/बी-२ व्हिशाचा डीएस-१६० हा अर्ज भरा. एस्टा कधी नाकारला गेला होता का, असा प्रश्न त्यात स्पष्टपणे विचारलेला असतो. त्याचे उत्तर ‘होय’ द्या आणि पुढील जागेत दोन-तीन वाक्यांत हकिगत लिहा. २०२३ च्या जूनपासून या व्हिशाचे मूळ अर्जशुल्क १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख काही ठिकाणी आठवड्याभरात, तर काही ठिकाणी अनेक महिन्यांनी मिळते. नेहमीची तारीख आधी घेऊन मग तातडीच्या मुलाखतीसाठी विनंती करता येते. लग्नसमारंभ किंवा पदवीदान हे तातडीचे कारण सहसा धरले जात नाही. काही दूतावास मात्र एस्टा नाकारला जाणे हेच मान्य कारणांत धरतात, म्हणून तुमच्या देशातील दूतावासाची यादी नीट वाचून घ्या.

मुलाखतीला त्या जुन्या प्रकरणाचे कागद घेऊन जा: न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, किंवा आरोप ठेवला गेला नसेल तर पोलिसांचा तसा दाखला, आणि ते दुसऱ्या भाषेत असतील तर त्यांचे प्रमाणित भाषांतर. या कागदांना जो वेळ लागतो तो लोक हिशेबातच धरत नाहीत, त्यामुळे उद्या सकाळी पहिला अर्ज न्यायालयाकडे किंवा पोलिसांकडे जाऊ द्या. तुम्ही परत येणार आहात हे पटवून देण्याची जबाबदारीही तुमचीच असते; नोकरी, शिक्षण, घर, कुटुंब यांविषयी जे खरे आहे ते सांगा, जाडजूड फाइल नेण्याची गरज नाही.

हे उत्तर इतर देशांकडून नकार मिळालेले प्रवासीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये अर्ज परत पाठवला जाणे आणि नाकारला जाणे यांत फरक आहे. छायाचित्र अस्पष्ट असल्यासारख्या त्रुटीमुळे अर्ज परत आला असेल तर कारण कळवले जाते आणि पुन्हा अर्ज करता येतो. खरोखर नकार मिळाला असेल तर अपील नाही, प्रशासकीय फेरतपासणीही नाही. अभ्यागत व्हिसा मागणे हाच मार्ग उरतो. बारा महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेली असणे, अथवा गेल्या बारा महिन्यांत कोणताही दोष सिद्ध झालेला असणे, ही तेथील नकाराची कारणे आहेत. ऑस्ट्रेलियाही एकूण बारा महिन्यांची शिक्षा ही मर्यादा मानते आणि अशा प्रवाशाला उपवर्ग ६०० च्या, म्हणजे अभ्यागत व्हिशाकडे जावे लागते. न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया यांच्या बाबतीतही पुढचा मार्ग व्हिशाचाच आहे.

कॅनडाचा नकार ईमेलने येतो आणि त्यात कारण दिलेले असते. ते कारण दूर केल्याशिवाय पुन्हा सात कॅनेडियन डॉलर भरण्यात अर्थ नाही. जुनी दोषसिद्धी आड येत असेल, तर शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनाचा, म्हणजे त्या गुन्ह्यामुळे आलेली प्रवेशाची अपात्रता दूर करण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी जाणे अत्यावश्यक असेल तर तात्पुरत्या निवासाचा विशेष परवाना मागता येतो. निर्णय कायद्याला धरून नाही असे वाटल्यास तेथील संघीय न्यायालयाकडे पुनर्विलोकनाची अनुमती मागता येते, आणि कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयासाठी त्याची मुदत साठ दिवसांची आहे. ती मुदत चुकवून नंतर वकील शोधणारे अनेक जण मला भेटले आहेत आणि दर वेळी वाईट वाटते.

युरोपची ईटिआस ही अशीच प्रवास-परवानगीची व्यवस्था २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करण्याचे नियोजन आहे. तिचा २०१८ चा कायदा प्रवाशाच्या दृष्टीने मला सर्वांत न्याय्य वाटतो: नकार देताना कारण सांगणे बंधनकारक आहे, आणि ज्या सदस्य देशाने निर्णय घेतला त्याच देशात अपील करण्याचा हक्क आहे. मानवतेच्या कारणास्तव एखाद्याच देशापुरती मर्यादित परवानगी देण्याची तरतूदही त्यात आहे.

तुम्ही अर्ज नेमका कोठून भरला होता, हेही एकदा पाहून घ्या. अधिकृत असल्याचा आभास निर्माण करणारी, कित्येक पट शुल्क घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि काही वेळा तेथील माणूस आपल्याला न विचारताच उत्तरे भरतो. तसे झाले असेल तर त्यांच्याकडून भरलेल्या अर्जाची संपूर्ण प्रत मागून घ्या, कारण पुढे व्हिशाच्या अर्जात त्या उत्तरांची जबाबदारी तुमच्यावरच येते.

तिकिटाविषयी इतकेच सांगतो की उड्डाणाच्या आधी तारीख पुढे ढकलून घ्या. न कळवता गैरहजर राहिल्यास बहुतेक भाड्यांतून काहीच परत मिळत नाही. विमानतळावर जाऊन विनंती करून पाहू, असे ठरवू नका. विमान कंपनीच्या संगणकाला सरकारी यंत्रणेकडून होकार आल्याशिवाय बोर्डिंग पास निघत नाही, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला त्यात काहीही करता येत नाही.

तुम्हाला अमेरिकेतच राहायचे आहे की तेथे केवळ विमान बदलून पुढे जायचे आहे, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. अमेरिकेत विमान बदलतानाही प्रत्येक प्रवाशाला देशात प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून त्यासाठीसुद्धा एस्टा किंवा व्हिसा लागतो. केवळ विमान बदलायचे असेल तर अमेरिकेला वगळून जाणारे तिकीट आजच शोधा. मात्र कॅनडामार्गे जाण्याचे ठरवले तर तेथे विमान बदलण्यासाठीही त्यांची परवानगी लागते आणि तिच्या अर्जातही तुम्हाला कोणत्याही देशाने पूर्वी प्रवेश किंवा व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न असतो, हे ध्यानात घेऊनच मार्ग निवडा.