खाते जुने, कागद नवे : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे बँकांच्या ‘केवायसी (म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची व पत्त्याची नोंद) अद्ययावत करा’ या निरोपाबद्दलची आहेत. त्यांतील पाच येथे घेतली असून, पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे बचत खाते १९८९ पासून शाहूपुरीतील एका बँकेत आहे. मी निवृत्त शिक्षक असून निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होते. घर तेच, फोन तोच, सहीही तीच. तरीसुद्धा बँकेने पत्र पाठवून ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे पुन्हा मागितली आहेत. शाखेतले सगळे मला नावाने ओळखतात. मग ही मागणी कशासाठी? काही बदललेलेच नसताना हेलपाटा घालणे भाग आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपल्याला नावाने ओळखणारे कर्मचारी उद्या बदलून जातील आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर फक्त कागद असेल, हे या मागणीचे अगदी साधे कारण. कायद्याचे कारण असे की, १ जुलै २००५ पासून लागू झालेल्या मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याने ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद ठेवण्याची जबाबदारी बँकांवर टाकली आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांनुसार ही नोंद ठरावीक काळाने ताजी करावी लागते. खात्याचा गैरवापर होण्याची जोखीम जास्त मानली असेल तर दर २ वर्षांनी, मध्यम असेल तर दर ८ वर्षांनी आणि कमी असेल तर दर १० वर्षांनी ही वेळ येते. पगार किंवा निवृत्तिवेतन जमा होणारी साधी खाती बहुधा कमी जोखमीत मोडतात. मात्र आपल्याला कोणत्या वर्गात टाकले आहे हे बँक सांगत नाही, कारण ते गोपनीय ठेवण्याचेच बंधन तिच्यावर आहे. त्यामुळे काउंटरवर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता हेलपाट्याचे. नाव, पत्ता यांत काहीही बदल नसेल, तर ‘माझ्या माहितीत बदल नाही’ एवढे स्वतःचे निवेदन पुरेसे आहे आणि ते नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा ईमेलवरून, एटीएमवर, नेट बँकिंगवर, बँकेच्या अॅपमधून अथवा साध्या पत्रानेही देता येते. केवळ एवढ्यासाठी शाखेत येण्याची सक्ती करू नये, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. फक्त पत्ता बदलला असेल तरी नव्या पत्त्याचे निवेदन द्यायचे आणि तो बँकेने दोन महिन्यांत पडताळून घ्यायचा, अशी तरतूद आहे.

तथापि आपल्या खात्याचे साल वाचून मी थबकलो. १९८९ साली खाते कसे उघडले जाई, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे : पिवळट जाड कागदाचा फॉर्म, नमुना सहीचे कार्ड, फार तर टाचणीने लावलेला एक फोटो आणि खाली ‘ओळख देणार’ म्हणून त्याच शाखेतल्या एखाद्या खातेदाराची सही. शेजारच्या किराणा दुकानदाराने सही केली की खाते उघडले. त्या फॉर्मला आजच्या नियमांत बसणारे एकही कागदपत्र जोडलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. बँकेकडची जुनी कागदपत्रे सध्याच्या निकषांत बसत नसतील, किंवा त्यांची मुदत संपली असेल, तर नुसते निवेदन चालत नाही आणि ओळख नव्याने पटवावी लागते. म्हणून शाखेला एकच प्रश्न विचारावा : ‘माझ्या नावावर तुमच्याकडे कोणते कागदपत्र आहे?’ यादरम्यान कधी केवायसी झाली असेल तर निवेदन द्यावे. नसेल तर या वेळी कागदपत्रे देऊन टाकावीत, म्हणजे पुढच्या खेपेस निवेदनावर भागेल. व्हिडिओ कॉलवरून ओळख पटवण्याची सोयही अनेक बँकांत आहे.

काहीही दिले तरी तारखेची पोच अवश्य घ्यावी. ती देणे बँकेवर बंधनकारक आहे, पण न मागता क्वचितच मिळते. गेल्या वर्षी एका बँकेने माझ्याकडून तीच कागदपत्रे दोनदा घेतली. पहिल्या खेपेचे गठ्ठे कुठे गेले ते कोणालाच सांगता येईना आणि पोच मी घेतली नव्हती. चाळीस वर्षे दुसऱ्यांना पोच घ्यायला सांगणाऱ्याची ही गत.

प्रश्न : माझे खाते शिरोळ तालुक्यातील गावी आहे. उसाचे बिल आणि दुधाचे बिल खात्यात जमा झाल्याचे मेसेज येतात, पण पैसे काढायला गेलो की ‘केवायसी नाही, खाते होल्डवर आहे’ असे उत्तर मिळते. आधी काही कळवल्याचे आठवत नाही. २०१९ च्या महापुरात घरातली बरीच कागदपत्रे भिजून गेली. रेशन कार्ड नेले, तर ते चालत नाही म्हणाले. काय करावे?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : रेशन कार्डाबाबत बँकेचे म्हणणे बरोबर आहे. ओळखीसाठी पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र एवढीच सहा कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. पॅन त्यांत येत नाही. ते वेगळे द्यावे लागते आणि नसेल तर फॉर्म ६०, म्हणजे पॅन नसल्याचे निवेदन, भरून द्यावा लागतो. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल, तर दोन महिन्यांच्या आतले लाइट बिल किंवा घरफाळ्याची पावती तात्पुरती चालते, मात्र नव्या पत्त्याचे ओळखपत्र तीन महिन्यांत द्यावे लागते. महापुरात कार्ड गेले म्हणून आधार गेले असे समजू नका. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले ई-आधार कार्डाइतकेच ग्राह्य आहे आणि डिजिलॉकरमधील वाहन परवानाही चालतो. आधारला मोबाइल जोडलेला नसेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते काम उरकावे.

होल्डबाबत मात्र बँकेकडेच खुलासा मागण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतील १२ जून २०२५ च्या सुधारणेनुसार मुदत संपण्यापूर्वी किमान तीन वेळा कळवायचे, त्यांतले एक तरी पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रे, त्यांतही एक पत्राने. आणि या साऱ्याची नोंद बँकेने ठेवायची. ही पद्धत १ जानेवारी २०२६ पर्यंत अमलात आणण्यास सांगितले होते. त्याच सुधारणेत असेही म्हटले आहे की, कमी जोखमीच्या व्यक्तिगत ग्राहकाचे सर्व व्यवहार चालू ठेवावेत आणि मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत त्याची केवायसी पूर्ण करून घ्यावी. तेव्हा कागदपत्रे देतानाच लेखी अर्ज करावा, ‘मला कोणत्या तारखांना कळवले’ हे त्यात विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी विचारणा करून परत येऊ नये. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आपले खाते बँकेत आहे की पतसंस्थेत, हे पत्रावरून कळत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन्हींना सर्रास ‘बँक’ म्हणतात. पतसंस्थेला हे निर्देश लागू नाहीत आणि तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते.

प्रश्न : लग्नापूर्वीचे माझे खाते माहेरच्या नावाने गडहिंग्लजला आहे. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे. बँक म्हणते, आधी दोन्ही एकसारखे करून आणा. तोवर काहीच होणार नाही का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : नाव बदलले म्हणून जुन्या नावाचे ओळखपत्र बाद होत नाही, सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडली की ते ग्राह्य धरावे, असा नियमच आहे. दाखल्याच्या आधारे बँकेला लेखी अर्ज द्यावा. असे असले तरी पॅन दुरुस्त करून घेणे आपल्याच सोयीचे, कारण पॅन आणि आधार यांची नावे जुळली नाहीत की प्राप्तिकराच्या कामात अडचण येते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर वडिलांच्या जागी पतीचे नाव येते आणि संगणकाला तो वेगळाच माणूस वाटतो. म्हणून दुरुस्तीच्या फॉर्मवर तिन्ही नावे दाखल्यात आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने लिहावीत. नाव बदललेच पाहिजे असा कायदा मात्र नाही. माहेरचे नाव ठेवायचे असेल तर आधार त्याप्रमाणे करून घेण्याचा मार्गही मोकळा आहे.

प्रश्न : माझे लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान आहे. ‘आज रात्री खाते बंद होईल, केवायसी करा’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आला. वर बँकेचे चिन्ह होते. सोबतची फाइल दाबली तर एक अॅप बसले आणि त्याने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली. मी ती दिली, मग शंका आली म्हणून अॅप काढून टाकले. आता धोका टळला का?
— एक व्यापारी वाचक

उत्तर : टळला असे धरून चालू नका. शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेली ती फाइल आपला ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या फोनवर पाठवण्यासाठीच बनवलेली असते आणि वरवर काढलेल्या अॅपचा काही भाग मागे राहू शकतो. हे वाचताच त्या फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय व कार्ड थांबवावे. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदलावेत. आपला फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केल्याखेरीज त्यावर बँकेचे काम करू नये. रक्कम गेली असेल तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधीच ते अडवता येतात.

बँकेला वेळेत कळवण्याचे महत्त्व वेगळेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ म्हणूनच वहीत लिहून ठेवावी.

‘आज रात्री’ हे शब्दच खोटेपणा उघड करतात. तीन सूचना आणि तीन स्मरणपत्रे पाठवायला लागणारी बँक एका रात्रीत खाते बंद करीत नाही, आणि केवायसीसाठी ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही तर कधीच विचारत नाही. असा निरोप खरा वाटला तरी त्यातून आलेल्या वाटेने जाऊ नये. बँकेचे अॅप स्वतः उघडावे किंवा शाखेत जावे. बँकांच्या संकेतस्थळांसाठी आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा खास पत्ता आणि सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, तेही पाहून घ्यावे.

प्रश्न : आई ७८ वर्षांची असून अंथरुणाला खिळून आहे. तिला शाखेत आणा, असे सांगितले जाते.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : सत्तरीपुढील ग्राहकांची आणि आजाराने अपंगत्व आलेल्यांची केवायसीची कागदपत्रे घरी येऊन स्वीकारण्याची सोय करावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच व्यापारी बँकांना सांगितले आहे. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा, डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि घरी येण्याचा दिवस व वेळ त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. आईंची सही आता जुळत नसेल तर तेही अर्जात नमूद करावे, म्हणजे येणारा अधिकारी अंगठ्यासाठी शाईचे पॅड घेऊनच येईल.